सत्तावीस झाडे, मागीलप्रमाणे

"माणसाने आता निसर्गाकडे परत गेलंच पाहिजे. नाही गेला, तर निसर्ग त्याला कधीही माफ करणार नाही!"

हेडक्लार्कांनी हे जाहीर केले, तेव्हा वसाहतीच्या पार्किंगमध्ये जमलेले चारही जण गंभीर झाले. घोषणा मोठी होती आणि ती अजून बरीच वाढली असती. पण त्यांच्या पँटीचा उजवा पाय सायकलच्या साखळीत इतका खोल गेला होता, की निसर्ग राहिला बाजूला, त्यांना जिन्याकडेही परत जाता येईना. शेवटी दाताचे डॉक्टर गुडघे टेकून खाली बसले, सवयीने "जरा सैल सोडा, अजिबात दुखणार नाही" असे म्हणाले आणि एका हिसक्यात त्यांनी पँट उपटून काढली.

"थोडं मूळ आत राहिलंय," साखळीत डोकावत डॉक्टर म्हणाले. "पण त्रास नाही द्यायचं."

हे पाच जण दर रविवारी सकाळी वसाहतीच्या इमारतींना सायकलवरून सहा फेऱ्या मारत. हेडक्लार्क पाणीपुरवठा कार्यालयातून निवृत्त झालेले. दाताचे डॉक्टर अजून चालू. विमेवाले कोणतीही वस्तू बघितली की ती कुणाच्या डोक्यात पडू शकेल याचा अंदाज घेणारे. ड्रिलमास्तरांनी शाळा सोडून सहा वर्षे झाली होती, पण शिट्टी सोडली नव्हती. पाचव्या म्हणजे हेडक्लार्कांच्या पत्नी. त्यांना सगळी वसाहत वहिनी म्हणते, तेव्हा आपणही तेच म्हणू. वहिनी बावीस वर्षे सायकलवरून शिवणाचा वर्ग घ्यायला जात, त्यामुळे सायकल चालवणे हा एक उपक्रम असतो हे त्यांना या मंडळींकडूनच कळले.

सहा फेऱ्या झाल्या की डॉक्टरांना उदास वाटे. "आपण निघतो आणि जिथून निघालो तिथेच येतो. एकदा कुठेतरी जायला हवं हो. निवांत. वाटेत एखादी छान जागा बघून बसायला हवं."

"तळ्यावर जाऊ," विमेवाले म्हणाले. "नऊ किलोमीटर आहे. काठाला कठडा नाही, पण जाऊ."

"तळं?" हेडक्लार्क हसले. साखळीतून सुटल्यावर प्रथमच हसले. "अहो, ते तळं चौतीस वर्षं माझ्या हाताखाली होतं. पश्चिमेला दगडी पायऱ्या, अकरा. उत्तरेला पंपघर. आणि पूर्वेच्या काठावर सत्तावीस झाडं. एका ओळीत! भर दुपारी जा, छत्री मिटून ठेवाल."

ड्रिलमास्तरांनी आदराने शिट्टी तोंडातून काढली. विमेवाल्यांनी "सत्तावीस!" असे म्हणून वर बघितले, कदाचित फांद्यांचा विचार करत असतील. इतक्या आदराने हेडक्लार्कांकडे गेल्या दोन वर्षांत कुणी पाहिले नव्हते. निवृत्त झाल्यापासून वसाहतीत त्यांना कुणी काही विचारीनासे झाले होते. गळक्या नळासाठीही लोक प्लंबरकडे जात, पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षे काढलेला माणूस दुसऱ्या मजल्यावर बसलेला असताना. तेव्हा मोहिमेचे नेतृत्व त्यांच्याकडे आले, आणि त्यांनी ते घेतले.

दुपारी जेवताना वहिनींनी शांतपणे विचारले, "तुम्ही त्या तळ्यावर कधी गेला होतात?"

हेडक्लार्कांचा घास हातातच राहिला. "जायची वेळच आली नाही."

"चौतीस वर्षांत?"

"अगं, तळं माझ्याकडे यायचं. दर मार्चअखेर."

"तळं यायचं?"

"तक्ता यायचा. त्यात सगळं असतं. पायऱ्या अकरा, पंपघर एक, झाडे सत्तावीस. त्यापुढे लिहायचं, मागीलप्रमाणे. आणि खाली सही करायची."

"आणि तुमच्या आधी होते त्यांनी सत्तावीस कुठून आणली?"

"त्यांनीही मागीलप्रमाणेच लिहिलं असणार," हेडक्लार्क म्हणाले. मग आवाज खाली आणून, म्हणजे घरात दुसरे कुणी नसतानाही खाली आणून, म्हणाले, "हे बाहेर बोलू नकोस. वसाहतीत माझी जी काय इज्जत आहे ती आता त्या तळ्यावर आहे."

"मी कशाला बोलू?" वहिनी म्हणाल्या. "वाढू का अजून?"

*

बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. या विषयात एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ज्याला सायकल येते तो सल्ला देत नाही, तो निघून जातो. सल्ला देतो तो जिन्यात उभा असलेला माणूस. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी चाकांत हवा कमी ठेवायला सांगितली, म्हणजे ती उन्हाने फुगून फुटत नाही. किराणा दुकानदार म्हणाला, हवा जास्तच हवी, म्हणजे सायकल मुळात हलकी होते. वसाहतीच्या सेक्रेटरींनी हेडक्लार्कांच्या सायकलीची सीट चार बोटे वर करवली, कारण गुडघे. सेक्रेटरींच्याच मेव्हण्याने ती दोन बोटे खाली आणली, कारण कंबर. मग आणखी कुणीतरी कसलेसे कारण देऊन ती पुढे झुकवली. सर्वानुमते सीट शेवटी अशा जागी आली, की तिच्यावर बसता येत नव्हते आणि बसल्यावर उतरता येत नव्हते.

विमेवाल्यांनी प्रत्येकाकडून 'मी स्वखुशीने जात आहे' असे लिहून घेतले. वहिनींनी सही करताना "स्वखुशीने" या शब्दाकडे जरा जास्त वेळ पाहिले, पण केली.

इथवर सगळे ठीक होते. निघून गेले असते तर तासाभरात पोहोचलेही असते. पण हेडक्लार्क म्हणाले, "परवानगी काढावी लागेल."

"कसली?" डॉक्टर म्हणाले. "लोक रोज जातात तिथे. माझे निम्मे पेशंट तिथे फिरायला जाऊन येतात."

"लोक जातात. आपण रीतसर जाऊ."

असे म्हणून हेडक्लार्क दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या जुन्या कार्यालयात गेले. त्यांच्या खुर्चीवर आता नवी हेडक्लार्क होती. एके काळी ती त्यांच्या हाताखाली टायपिस्ट होती. खुर्चीवर तिने उशी ठेवली होती. चौतीस वर्षांत आपल्याला उशी का सुचली नाही, हा विचार हेडक्लार्कांच्या मनात येऊन गेला, पण त्यांनी तो चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

"या ना सर! बसा. अर्ज? तळ्यावर बसायला?" ती गोंधळली. "सर, तिथे बसायला परवानगी लागत नाही."

इथे कोणताही शहाणा माणूस चहा पिऊन घरी आला असता. हेडक्लार्कांनी पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. एकोणीस वर्षांपूर्वीचे परिपत्रक. तळ्याच्या आवारात चारपेक्षा अधिक व्यक्तींनी पूर्वपरवानगीशिवाय थांबू नये. खाली, जावक क्रमांक घालताना केलेली त्यांचीच बारीक सही.

"आम्ही पाच आहोत," ते विजयाने म्हणाले.

नव्या हेडक्लार्कने परिपत्रक दोनदा वाचले. ते एकोणीस वर्षे कपाटात सुखाने पडून होते, आणि ते पाळायला लागेल असे कधी कुणाच्या स्वप्नातही आले नव्हते. "हे मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "आता माहीत झालं. म्हणजे आता पाळावं लागणार."

"लागणारच," हेडक्लार्क समाधानाने म्हणाले.

"मग सर, अर्ज तीन प्रतींत लागेल. आणि हा समास दीड बोटाचा झालाय. दोन बोटं हवा. तुम्हीच शिकवलंत."

तीन प्रती झाल्या, समास दोन बोटांचा झाला. मग अभियंत्यांचा अभिप्राय लागला, कारण पाच सायकलींचा काठावर भार येणार होता. त्यांनी सायकलींचे एकूण वजन मागवले, ते हेडक्लार्कांनी भंगारवाल्याच्या काट्यावर करून आणले. भंगारवाल्याने पाचही सायकलींचा भाव सांगितला. घंट्यांच्या आवाजाने पाण्यातल्या पक्ष्यांना त्रास होईल का, असा मुद्दा आरोग्य शाखेने काढला, तेव्हा घंटा न वाजवण्याची हमी लिहून द्यावी लागली. प्रत्येक टप्प्यावर नवी हेडक्लार्क उठून उभी राहायची, सर म्हणायची, आणि त्यांनीच शिकवलेला एखादा नियम त्यांच्याच पुढ्यात ठेवायची. हेडक्लार्कांना अभिमान वाटायचा आणि घाम यायचा, दोन्ही एकाच वेळी.

बाराव्या दिवशी परवानगी मिळाली. पाच व्यक्ती, पाच सायकली. वेळ सकाळी नऊ ते नऊ चाळीस. स्थळ पूर्व किनारा, सत्तावीस झाडांच्या सावलीत. शेवटची अट हेडक्लार्कांनी टेबलाशी उभ्या उभ्या वाचली आणि मग खाली बसून पुन्हा वाचली. तळ्याच्या तक्त्यातील झाडांची प्रत्यक्ष मोजणी बऱ्याच वर्षांत झालेली नसल्याने, अर्जदाराने भेटीच्या वेळी ती करावी, जागेवरील कर्मचाऱ्याची सही घ्यावी आणि अहवाल सोमवारी सादर करावा.

"तुम्ही जाताच आहात सर," ती म्हणाली. "आणि तुम्हाला तर एकेक झाड माहीत असेल."

*

रविवारी सात वाजता मंडळी निघाली. ड्रिलमास्तरांनी शिट्ट्यांचा अर्थ समजावून सांगितला. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा, तीनचा अर्थही सांगितला, पण तोपर्यंत दोन शिट्ट्या वाजून गेल्यामुळे सगळे निघाले होते. विमेवाल्यांच्या मागच्या कॅरिअरवर पट्ट्या, मलमे, दोन कुबड्या आणि एक घडीचे स्ट्रेचर होते. सामानामुळे त्यांचा तोल सतत जात होता आणि तोल जातो म्हणून सामान किती आवश्यक आहे हे त्यांना पटत होते. वहिनी सगळ्यांच्या मागे होत्या. त्या पायडल मारताहेत असे वाटतच नव्हते, सायकल आपली चालली होती.

पहिल्या अर्ध्या तासात डॉक्टरांच्या मागच्या चाकात खिळा गेला. त्यांनी खिशातून चिमटा काढला, चाकावर वाकून खिळा हळूहळू हलवत उपटला, उजेडात धरून फिरवून पाहिला आणि स्वतःलाच म्हणाले, "आधी यायला हवं होतं." पंक्चर वहिनींनी काढले.

पुढे रस्ता फुटत होता. हेडक्लार्कांनी सायकल थांबवली, म्हणजे एका भिंतीला टेकवली, कारण त्या सीटवरून उतरायचा तेवढाच मार्ग होता. त्यांच्याजवळ नकाशा होता. कार्यालयातल्या नकाशाची त्यांनी स्वतः काढलेली नक्कल. "जुन्या चुन्याच्या भट्टीपासून डावीकडे," ते म्हणाले.

चुन्याची भट्टी नव्हती. तिच्या जागी गाड्या धुण्याचे केंद्र होते. पण नकाशात डावीकडे होते म्हणून मंडळी डावीकडे, म्हणजे त्या केंद्रात शिरली. ड्रिलमास्तरांनी शिस्त म्हणून एका रांगेत उभे केले. रांगेत उभ्या असलेल्या पाच सायकली पाहिल्यावर तिथल्या माणसाला विचारण्यासारखे काही उरले नाही. त्याने आधी फेस सोडला आणि मग पाणी.

"थांब रे! अरे थांब!" हेडक्लार्क फेसातून ओरडले. "आम्ही तळ्यावर चाललोय!"

"मग भिजायला काय झालं?" तो म्हणाला.

बाहेर आले तेव्हा सायकली नव्यासारख्या दिसत होत्या आणि माणसे होती त्याहून जुनी. नकाशा विरघळला होता. हेडक्लार्क आता ओल्या कागदाच्या लगद्याकडे बघत दिशांचा विचार करत होते. तेवढ्यात वहिनी रस्त्याच्या कडेच्या भाजीवाल्याशी दोन शब्द बोलून आल्या. "सरळ. शाळा दिसली की उजवीकडे," त्या म्हणाल्या. हेडक्लार्कांना ही पद्धत मुळीच रीतसर वाटली नाही, पण ते सरळ निघाले.

"भाऊसाहेब," मागून डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नेहमी या रस्त्यानेच जायचात ना?"

"तेव्हा रस्ता वेगळा होता," हेडक्लार्क म्हणाले. मागे न बघताही त्यांना वहिनींची नजर पाठीवर कळली.

*

नऊ वीसला मंडळी पूर्व किनाऱ्यावर पोहोचली.

तळे सुंदर होते, हे आधी सांगितले पाहिजे, कारण पुढच्या गडबडीत ते राहून जाईल. सकाळचे ऊन पाण्यावर हलत होते. पलीकडे टेकडी होती आणि तिची पाण्यातली टेकडी पहिलीपेक्षा बरी दिसत होती. दोन पांढरे पक्षी मध्यभागी काही न करता उभे होते.

आणि पूर्वेच्या काठावर एक झाड होते.

झाड प्रचंड होते. तसे झाड कुणी पाहिले नव्हते. पण ते एक होते. त्याच्या दोन्ही बाजूंना, काठाकाठाने, मापून घेतल्यासारखे सारख्या अंतरावर खड्डे होते. गोल, स्वच्छ, तासलेले खड्डे.

ड्रिलमास्तरांनी सवयीने मोजायला सुरुवात केली. "एक," ते म्हणाले आणि थांबले. पुढे काही नव्हते.

झाडाखालून खाकी शर्टातला एक माणूस उठून आला. तळ्याचा माळी. हेडक्लार्कांनी ओला होऊन वाळलेला परवाना त्याच्यापुढे धरला. त्याने तो उलटसुलट पाहिला. "बसायची परवानगी? इथं बसायला परवानगी लागते?"

"आता लागते," डॉक्टर म्हणाले. "भाऊसाहेबांमुळे."

"झाडं," हेडक्लार्क म्हणाले. त्यांचा आवाज कुठून तरी लांबून आला. "सत्तावीस झाडं कुठे आहेत?"

"लावणार होते म्हणे," माळी म्हणाला. "माझ्या फार आधीची गोष्ट. खड्डे काढले, रोपं आलीच नाहीत. हे एक आपलं आपण आलं, मधल्या खड्ड्यात. बाकीचे सव्वीस खड्डे मी दर महिन्याला साफ करतो. माझ्या कामात लिहिलंय."

सगळे हेडक्लार्कांकडे बघू लागले. तसे बघणे वाईट नव्हते, त्यात राग नव्हता, आणि तेच जास्त अवघड होते. चौतीस वर्षे ज्याच्या हाताखाली तळे होते, तो माणूस वाळत्या पँटीत, एक पाय फाटलेला, एका झाडासमोर उभा होता.

"मी इथे आज पहिल्यांदाच आलोय," हेडक्लार्क म्हणाले.

"मीही," वहिनी म्हणाल्या, आणि पाण्याकडे तोंड करून गवतावर बसल्या.

हेडक्लार्क जाऊन झाडाच्या बुंध्याशी बसले. पिशवीतून पॅड काढले, मांडीवर घेतले. नऊ सत्तावीस झाली होती. अहवालात आकडा लिहायचा होता, आणि तो काय लिहायचा यावर तीन माणसांची तीन मते होती.

"सत्तावीस लिहा," विमेवाले म्हणाले. "बिनधास्त. एक लिहिलंत तर चौतीस वर्षांच्या सह्या निघतील. चौकशी लागेल. मी अशा केसेस बघितल्यात. माणूस आधी खरं बोलतो आणि मग आयुष्यभर खुलासे देतो."

"माझ्याकडे येणारे सगळे म्हणतात, बत्तीस आहेत," डॉक्टर म्हणाले. "तोंड उघडलं की एकोणीस. मी कुणाला लाजवत नाही. पण लिहिताना एकोणीस लिहितो."

"मैदानात हजर तेवढेच मोजायचे," ड्रिलमास्तर म्हणाले. "बाकीचे गैरहजर. सव्वीस गैरहजर लिहा."

हेडक्लार्कांनी पेन उघडले. पेनाने त्यांना चौतीस वर्षे साथ दिली होती आणि 'मागीलप्रमाणे' हा शब्द ते आता जवळजवळ आपोआप लिहीत असे. म लिहून झाला. हेडक्लार्कांनी पेन उचलले. बराच वेळ ते त्या म कडे बघत बसले. मग त्यांनी तो कागद फाडला, नवा घेतला, दोन बोटांचा समास सोडला आणि लिहिले: झाडे, प्रत्यक्ष मोजणीनुसार, एक.

माळी मागे उभा राहून वाचत होता. "साहेब," तो हळूच म्हणाला, "एक लिहिलंत?"

"आहे तेवढंच लिहिलं."

"नाही, बरोबरच आहे. फक्त, पंचवीस झाडांमागे एक माळी असा नियम आहे. सत्तावीस आहेत म्हणून मी आहे. एकाला माळी मिळत नाही." त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, आज वारा नाही असे सांगावे तसे सांगितले. "अकरा वर्षं झाली. बायको म्हणायची, सत्तावीस झाडांचं पाणी एकाला का घालतोस? मी म्हणायचो, नोंद सत्तावीसची आहे, पाणी तेवढंच घातलं पाहिजे."

सगळ्यांनी मान वर करून झाडाकडे पाहिले. आता ते एवढे मोठे का झाले ते कळले.

पंचवीस झाडांमागे एक माळी. नियम हेडक्लार्कांना पाठ होता. त्याचाही जावक क्रमांक त्यांनीच घातला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक खरी गोष्ट स्वतः येऊन, डोळ्यांनी पाहून लिहिली होती, आणि तिच्यावरची शाई वाळायच्या आत ती एका माणसाच्या पोटावर येऊन बसली होती. विमेवाल्यांनी "मी सांगत होतो" असे तोंड केले. नऊ तेहतीस.

"अहो," वहिनी पाण्याकडून न वळताच म्हणाल्या, "एवढी वर्षं तुम्ही लोकांना काय लिहून देत होतात? जे नाही ते आहे असंच ना? मग जे आहे ते नीट लिहायला इतकं काय अवघड आहे?"

हेडक्लार्क थबकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक हालचाल झाली. अनुभवी माणसाला ओळखू येईल अशी. जावक विभागात एखादा अवघड मसुदा सापडला की व्हायची तशी. ते ताठ बसले. पेन चालू लागले. मधे एकदा त्यांनी माळ्याला विचारले, "खड्ड्यांची खोली?" "दीड हात." "सगळे चांगल्या स्थितीत?" "रोप ठेवलं की लागेल." पुन्हा पेन चालू. नऊ अडतीसला त्यांनी घसा साफ केला आणि उभे न राहता, पण उभे राहिल्यासारख्या आवाजात वाचून दाखवले:

"पूर्व किनाऱ्याची प्रत्यक्ष पाहणी केली असता, सत्तावीस झाडे लावण्याचे मंजूर काम अद्याप चालू असल्याचे आढळून आले. त्यांपैकी एक झाड लागून पूर्णपणे वाढले असून, त्याची सावली पाच व्यक्ती, पाच सायकली व एका स्ट्रेचरला पुरून उरते. उर्वरित सव्वीस झाडांचे काम खड्ड्यांच्या टप्प्यापर्यंत पूर्ण आहे. सर्व खड्डे उत्तम स्थितीत असून, त्याचे संपूर्ण श्रेय जागेवरील माळ्यास आहे. सव्वीस रोपे त्वरित पाठवावीत. रोपांना मोठ्या झाडांपेक्षा अधिक निगा लागत असल्याने, माळ्याच्या पदाची आवश्यकता पूर्वी होती त्याहून अधिक आहे."

"वा!" डॉक्टर म्हणाले. "भाऊसाहेब, वा!"

"यात खोटं काहीच नाही," विमेवाले अविश्वासाने म्हणाले. त्यांनी हे दोनदा म्हटले. एवढा कागद आणि त्यात कुठेच पळवाट नाही, हे त्यांना अस्वस्थ करत होते.

"अजून एक ओळ आहे," हेडक्लार्क म्हणाले. ही ओळ त्यांनी वेगळ्या आवाजात वाचली, जरा घाईने. "यापूर्वीची चौतीस वर्षे सत्तावीस ही संख्या निम्नस्वाक्षरीकाराने जागेवर न येता लिहिलेली आहे. त्याची जबाबदारी निम्नस्वाक्षरीकाराची."

"ती ओळ काढा," विमेवाले कळवळून म्हणाले. "बाकी सगळं ठेवा. तेवढी एक ओळ काढा हो."

हेडक्लार्कांनी वहिनींकडे पाहिले. वहिनी आता वळून त्यांच्याकडेच बघत होत्या.

"सही जरा नीट करा," त्या म्हणाल्या. "उद्या सगळे बघतील."

त्यांनी सही केली. चौतीस वर्षांची बारीक सही नव्हे. पूर्ण नाव, वाचता येईल असे. ड्रिलमास्तरांना काय वाटले कोण जाणे, त्यांनी सावधान केले. डॉक्टरांनी टाळी वाजवली आणि पाण्यातले दोन पक्षी घंटा न वाजवताच उडून गेले. हेडक्लार्क झाडाला टेकले. वर पाने हलत होती, समोर तळे होते, सोमवारी जे व्हायचे ते होणार होते, आणि ते सगळे आपण पाहिले आहे, लिहिले आहे आणि खाली आपली सही आहे असा माणूस जसा बसेल तसे ते बसले. दोन वर्षांत इतके मोठे आपण कधी झालो नव्हतो असे त्यांना वाटले. निसर्गाबद्दल एखादे वाक्य त्यांच्या ओठांवर येऊ पाहत होते.

माळ्याने अहवालावर आपली सही केली, कागदाची नीट घडी घालून परत दिला आणि रबरी नळी हातात घेऊन तो अदबीने त्यांच्यापुढे उभा राहिला.

"साहेब, झालं असेल तर जरा उठता का? तुम्ही आळ्यात बसलाय. झाडाला पाणी सोडायचंय."